ट्रोलिंग

ट्रोलिंग : ऑनलाइन चर्चेत कुणाला चिडवण्यासाठी, दुखावण्यासाठी किंवा चर्चाच उधळून लावण्यासाठी मुद्दाम केलेला शाब्दिक उपद्रव. तो करणाऱ्याला ट्रोल किंवा जल्पक म्हणतात. बोचरी टीका वा टोकाचा मतभेद यात मोडत नाही. टीकाकाराला आपला मुद्दा पटवायचा असतो, ट्रोलला समोरच्याचा तोल गेलेला पाहायचा असतो. १९९०च्या दशकात यूझनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चाजाळ्यातील गटांत हा शब्द रुळला. तिथले मुरलेले सदस्य हजारदा चघळून झालेला प्रश्न भाबडेपणाचा आव आणून विचारत आणि नवखे तावातावाने उत्तरे देऊ लागले की गालातल्या गालात हसत. पुढे या चेष्टेची जागा छळ, धमक्या आणि संघटित झुंडशाहीने घेतली.

एरवी सभ्यपणे वागणारी माणसे पडद्यासमोर का बिथरतात, याची बहुचर्चित मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये केली. नाव लपलेले असणे, आपण कुणाला दिसत नसणे, उत्तर तत्काळ ऐकावे न लागणे, अधिकारी व्यक्तीचा धाक नसणे अशा सहा कारणांनी मनावरचा लगाम सैल होतो, असे ते म्हणतात. याच सैलपणामुळे कुठेच न बोललेले दुःखही माणसे अनोळखी लोकांपुढे मोकळे करतात, ही दुसरी बाजूही त्यांनी नोंदवली. सहांपैकी निनावीपणावर सर्वांचे बोट पटकन जाते. पण दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर खरी ओळख पटवणे सक्तीचे केले आणि २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला. बेकायदा मजकूर त्यामुळे लक्षणीय घटल्याचे न्यायालयाला दिसले नाही. खऱ्या नावाने, स्वतःच्या छायाचित्रासह शिवीगाळ करणारेही कमी नाहीत. ऐकणाऱ्याचा उतरलेला चेहरा दिसत नाही, हे कारण निनावीपणाहून खोल जाणारे वाटते.

ट्रोल ही वेगळी जातकुळी आहे का? २०१४ मध्ये कॅनडातील संशोधकांना ट्रोलिंगची आवड आणि परपीडनातला आनंद यांचा स्पष्ट संबंध आढळला. मात्र स्टॅनफर्ड व कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनी २०१७ मध्ये वेगळेच चित्र मांडले. त्यांनी काहींना सोपी, तर काहींना अवघड चाचणी देऊन मूड बदलला आणि मग एका लेखावर प्रतिक्रिया लिहायला सांगितले. मूड चांगला आणि आधीच्या प्रतिक्रिया संयत, तेव्हा सुमारे ३५ टक्के लोकांनी ट्रोलछाप मजकूर लिहिला; मूड बिघडलेला आणि आधीच्या प्रतिक्रियाही विखारी, तेव्हा हे प्रमाण ६८ टक्क्यांवर गेले. प्रत्यक्षातल्या प्रतिक्रिया तपासल्यावर असा मजकूर रात्री उशिरा आणि सोमवारी वाढतो, असेही दिसले. सोमवारचे कुणाला फारसे नवल वाटू नये.

ट्रोलला मजा हवी असते, अतिरेकवाद्याला विजय. तरीही दोघांच्या वाटा एकमेकींना छेदतात. द्वेष आधी विनोदाच्या वेषात येतो, आक्षेप घेतला की ‘गंमत कळत नाही का’ असे सुनावले जाते, आणि हळूहळू गंमत व श्रद्धा यांतली रेघ पुसली जाते. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे दोन मशिदींवर हल्ला करून ५१ जणांचे प्राण घेणाऱ्याने आपले कृत्य थेट प्रक्षेपित केले. त्याच्या जाहीरनाम्यातही ऑनलाइन कंपूंमधले विनोद पेरलेले होते. पुढच्या २४ तासांत फेसबुकने त्या चित्रफितीच्या सुमारे १५ लाख प्रती हटवल्या. प्रती पसरवणारे सगळेच कट्टर नव्हते. हेच अधिक अस्वस्थ करणारे आहे.

समाजमाध्यमांची रचनाही यात हातभार लावते. २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात वादग्रस्त राजकीय विषयांवरील ट्वीटमध्ये नैतिक संतापासारख्या भावना व्यक्त करणारा प्रत्येक जादा शब्द त्याचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढवताना दिसला.

राग बाहेर काढला की मन शांत होते, ही समजूत प्रयोगांत टिकलेली नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चिडवणाऱ्या माणसाचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे अधिक संतापलेले निघाले. नुसते स्वस्थ बसलेले सर्वांत कमी आक्रमक ठरले. विध्वंसक ऊर्मी उठणे थांबवता येत नाही, पण ऊर्मी आणि कृती यांच्यात वेळ घालता येतो. पूर्वी पत्र लिहून पोस्टात टाकेपर्यंत तो आपोआप मिळे. ट्विटरने २०२१ मध्ये शिवराळ उत्तर पाठवण्यापूर्वी ‘पुन्हा एकदा पाहा’ अशी सूचना दाखवायला सुरुवात केली; आधीच्या चाचण्यांत ३४ टक्के लोकांनी ती पाहून उत्तर बदलले किंवा पाठवलेच नाही.

कायद्याचा मार्ग अधिक खडतर आहे. जर्मनीने २०१७ च्या कायद्याने उघड बेकायदा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत हटवणे मोठ्या कंपन्यांवर बंधनकारक केले आणि ५ कोटी युरोंपर्यंत दंड ठेवला. भारतात आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ हे कलम संदिग्ध आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाधक ठरवून सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले.

अतिरेकी गटांत ओढल्या गेलेल्यांना परत आणण्याचे काम संथ असते. जर्मनीत २००० पासून ‘एक्झिट-डॉइचलँड’ ही संस्था नवनाझी गट सोडू पाहणाऱ्यांना मदत करते. २०११ मध्ये गेरा येथील एका उजव्या अतिरेक्यांच्या संगीत मेळाव्यात तिने त्यांच्याच धाटणीचे टी-शर्ट गुपचूप वाटले. ते पहिल्यांदा धुतल्यावर वरची छपाई निघून गेली आणि खालून मजकूर उमटला : टी-शर्टला जमते ते तुम्हालाही जमेल, आम्ही मदत करू. काटेकोरपणे पाहिले तर हेही ट्रोलिंगच.