चष्मा घरी राहिला

खुब्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी आत्या गप्प झाली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. चहा पुढे केला तर घ्यायची, नाही केला तर मागायची नाही. ‘मनाला लावून घेतलंय हो त्यांनी,’ वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. चालती-फिरती बाई अचानक खाटेला खिळली तर दुसरं काय होणार?

राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरने तिला फक्त आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. ‘रविवार, शनिवार, शुक्रवार...’ आणि मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी म्हणाली, ‘गाडी आली का?’ सकाळी हीच बाई माझ्याशी नीट बोलली होती.

याला डिलिरियम म्हणतात. आपल्याकडे ‘भ्रम झाला’ म्हटलं की सलाईन उपटणारा, आरडाओरडा करणारा म्हातारा डोळ्यांपुढे येतो. पण डिलिरियमचा एक शांत प्रकारही असतो आणि तो हमखास नैराश्य समजला जातो. दोन्हींत माणूस मंद होतो, जेवत नाही, बोलत नाही. फरक असतो तो काळाचा आणि लक्षाचा. डिलिरियम काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत येतो, दिवसभरात कमी-जास्त होतो आणि लक्ष एका जागी टिकू देत नाही. नैराश्य आठवड्यांच्या हिशेबाने येतं, स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या.

पुन्हा नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांचीही गल्लत होतेच. खोल नैराश्यातल्या वृद्धाची स्मरणशक्ती इतकी ढासळू शकते की त्याला स्मृतिभ्रंशच झालाय असं वाटावं. मनोविकारतज्ज्ञ लेस्ली किलो यांनी 1961 मध्ये अशा रुग्णांवर लिहिलं होतं. असा रुग्ण बहुधा प्रश्न संपायच्या आतच ‘नाही आठवत’ म्हणून मोकळा होतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण अनेकदा काहीतरी जुळवून सांगतो, विषय बदलतो, बायकोकडे बघतो. मात्र हा काही पक्का नियम नव्हे. उतारवयातलं नैराश्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची पहिली पायरीही असते, त्यामुळे नैराश्य बरं झाल्यावरसुद्धा अशा माणसावर लक्ष ठेवावं लागतं.

चाचण्या असतात, पण त्यांनाही मर्यादा आहेत. स्मृतिभ्रंशाचा अंदाज घेणारी 1975 सालची प्रसिद्ध 30 गुणांची चाचणी (एमएमएसई) वाचायला लावते, वाक्य लिहायला लावते. शाळेची पायरी न चढलेल्या आजी तिथे नापास होणारच. म्हणून हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांसाठी 1995 मध्ये तिचं हिंदी रूप घडवलं गेलं. त्यात वाचण्याऐवजी समोरच्याची नक्कल करायची आणि लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगायचं. नैराश्यासाठी 15 हो-नाही प्रश्नांची एक यादी वापरतात. तिच्यात झोप आणि भूक यांविषयी प्रश्नच नाहीत, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. वॉर्डात झोप आणि भूक कोणाची जागेवर असते?

डिलिरियममागे शोधलं की कारण सापडतं, बहुधा एकाहून जास्त. लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, साधं बद्धकोष्ठ, सर्दीवरची झोप आणणारी जुन्या पद्धतीची गोळी. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही वृद्धांचं सोडियम उतरतं. म्हणजे चुकीच्या निदानावर दिलेली गोळी गोंधळ आणखी वाढवू शकते.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या रुग्णालयात शॅरन इनोय आणि सहकाऱ्यांनी सत्तरी गाठलेल्या 852 रुग्णांचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध केला. नेहमीची देखभाल मिळालेल्यांत डिलिरियमचं प्रमाण 15 टक्के होतं. ज्यांची खास काळजी घेतली त्यांच्यात ते 9.9 टक्क्यांवर आलं. ही काळजी कसली? चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी ठेवणं, पाणी पाजणं, आज वार कोणता ते सांगत राहणं, लवकर उठवून चालवणं, रात्री झोपू देणं. त्यासाठी तिथे प्रशिक्षित स्वयंसेवक लागले. आपल्याकडे उशाशी कुणीतरी नातेवाईक बहुतेक वेळा असतोच. पण तोच ‘हरवायला नको’ म्हणून कवळी, घड्याळ आणि चष्मा पहिल्याच दिवशी घरी पाठवून देतो.

आत्याचा चष्मा आमच्या कपाटात होता. मीच नेऊन ठेवला होता.