वॅट कमी करूनही वाफ गार का होत नाही: वॅट आणि हीट फ्लक्स यांतला फरक

ई-सिगारेटची वाफ घशाला गरम लागली की वॅट कमी करायचे, हा स्वतः कॉइल (लिक्विड तापवणारे तारेचे वेटोळे) गुंडाळणाऱ्या बहुतेकांचा पहिला उपाय असतो. त्याने वाफ थोडी निवते हे खरे, पण तिचा भरीवपणाही निघून जातो, झुरका पोकळ लागतो आणि समाधान न झाल्यामुळे माणूस पुन्हा पुन्हा ओढत राहतो. याचे मूळ दोन राशींच्या गल्लतीत आहे. एक म्हणजे मॉडच्या, अर्थात कॉइलला वीज देणाऱ्या बॅटरीच्या भागाच्या, पडद्यावर दिसणारा वॅट, आणि दुसरी म्हणजे पडद्यावर कधीच न दिसणारा हीट फ्लक्स, अर्थात तारेच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मिलिमीटरला वाट्याला येणारी शक्ती.

वॅट हा एकूण पुरवठ्याचा आकडा आहे. दर सेकंदाला कॉइलमध्ये किती ऊर्जा शिरते, आणि म्हणून साधारणपणे किती ई-लिक्विडची वाफ होऊ शकते, हे त्यावर ठरते. तीच ऊर्जा किती जागेतून बाहेर पडते हे हीट फ्लक्स सांगतो. जागा अपुरी असेल तर तारेलगतचे लिक्विड झपाट्याने उडून जाते, कॉइलमध्ये घातलेल्या कापसातून नवे लिक्विड त्या वेगाने पोचत नाही आणि तार जागोजागी कोरडी पडते. तार ओली असेपर्यंत तिच्या तापमानाला द्रवाच्या उत्कलनबिंदूचा लगाम असतो. ई-लिक्विडमधले प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते, ग्लिसरीन २९० अंशांना, आणि दोहोंचे मिश्रण या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी. तार कोरडी पडली की हा लगाम सुटतो, कापूस करपतो आणि ग्लिसरीनचे विघटन होऊन ॲक्रोलीनसारखी झोंबणारी, अपायकारक द्रव्ये तयार होतात. म्हणून हा प्रश्न केवळ चवीपुरता नाही.

आकडे मांडून पाहिल्यावर ही गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. कँथल ए-१ या मिश्रधातूची २८ गेज तार (गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक) घेऊन ०.६ ओहमची कॉइल करायची तर सुमारे साडेतेहतीस मिलिमीटर तार लागते आणि तिचा पृष्ठभाग जेमतेम ३४ चौरस मिलिमीटर भरतो. त्याच ०.६ ओहमसाठी २४ गेजची तार सुमारे ८५ मिलिमीटर लागते आणि पृष्ठभाग १३६ चौरस मिलिमीटरवर जातो. रोध तोच, पृष्ठभाग मात्र चौपट. दोन्हींना ३० वॅट दिले, तर बारीक तारेच्या दर चौरस मिलिमीटरवर सुमारे ८९० मिलिवॅट पडतात आणि जाड तारेवर अवघे २२०. बारीक तारेचे वॅट निम्मे करून १५ वर आणले तरी तिथे सुमारे ४४० मिलिवॅट उरतातच, म्हणजे ३० वॅटवर चालणाऱ्या जाड तारेच्या दुप्पट. वाफ निम्मी झाली, पण तारेवरचा ताण अजूनही जास्तच राहिला.

यावरून हेही दिसते की ‘रोध कमी म्हणजे वाफ गरम’ हा समज अर्धवट आहे. मेकॅनिकल मॉडमध्ये, म्हणजे जिथे बॅटरी थेट कॉइलला जोडलेली असते तिथे, रोध उतरला की वॅट चढतात; भरलेल्या ४.२ व्होल्टच्या बॅटरीवर ०.६ ओहमला सुमारे २९ वॅट आणि ७ अँपिअर होतात, आणि बॅटरीची अँपिअरची मर्यादा तिथे काटेकोरपणे पाळावीच लागते. रेग्युलेटेड मॉड मात्र ठरवून दिलेले वॅटच देतो, त्यामुळे त्यावर नुसता रोध बदलून वाफेचा गारवा ठरत नाही.

जाड तारेचे एक उणे आहे: वरच्या उदाहरणात धातूचे वजन सहापटीहून अधिक होते, त्यामुळे बटण दाबल्यावर वाफ येण्यास क्षणभर उशीर लागतो. तेवढ्यासाठी वॅट फार चढवू नयेत, कारण लांब झुरक्याच्या शेवटी तोच चढवलेला वॅट तार कोरडी करतो. मला स्वतःला २६ गेज हा मधला मार्ग वाटतो. एअरफ्लो, म्हणजे हवा आत येण्याची वाट, मोकळा केल्यास तयार झालेली वाफ जास्त हवेत मिसळून निवते, पण कोरड्या पडणाऱ्या तारेवर तो पुरेसा इलाज नव्हे.

वेढ्यांकडे मात्र नीट पाहावे. एकमेकांना चिकटलेल्या वेढ्यांच्या मधला पृष्ठभाग झाकला जातो. वेढे सारख्या अंतरावर ठेवले तर तारेला सगळीकडून लिक्विड मिळते. कापूस घालण्यापूर्वी कॉइल १० ते १५ वॅटवर थोडी थोडी तापवून पाहावी. एखादाच वेढा आधी लाल झाला तर तो हॉटस्पॉट समजावा, आणि बटण सोडून सिरॅमिक चिमट्याने वेढ्यांमधली अंतरे सारखी करावीत. लाली मध्यातून दोन्ही टोकांकडे एकसारखी पसरू लागेपर्यंत हे करीत राहावे. मग रोध पुन्हा मोजावा. कापूस कॉइलमधून ओढताना किंचित अडावा, पण त्याने वेढे जागचे हलता कामा नयेत. तो पूर्ण भिजल्यावर कमी वॅटपासून सुरुवात करून दोन-दोन वॅटने वर जावे आणि चव बोथट होऊ लागली की एक पायरी मागे येऊन तिथेच थांबावे.