पाराक्ले मठ
पाराक्ले मठ : फ्रान्सच्या शँपेन प्रांतात, नोजाँ-स्युर-सेन या गावाजवळ आर्द्युसाँ नदीकाठी असलेला मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मभगिनींचा मठ. पहिली मठाध्यक्षा एलोईझ हिच्यामुळे तो प्रसिद्ध झाला.

तत्त्वज्ञ प्येर आबेलार याच्या ग्रंथावर ११२१ मध्ये स्वासाँ येथील धर्मसभेने ठपका ठेवला आणि त्याच्याच हातून तो जाळवला. त्यानंतर आबेलार या निर्जन रानात आला. बोरू आणि गवताने शाकारलेले एक प्रार्थनास्थळ त्याने उभारले. शिष्यांना सुगावा लागताच ते पॅरिसहून येऊन झोपड्या बांधून राहू लागले आणि त्यांनीच दगड-लाकडाचे मंदिर बांधले. पाराक्ले, म्हणजे सांत्वन करणारा पवित्र आत्मा, हे नाव आबेलारने दिले. पुढे ब्रिटनीतील एका मठाचा प्रमुख म्हणून तो निघून गेला आणि जागा ओस पडली.

एलोईझ ही त्याची एके काळची शिष्या व पत्नी. विवाहानंतर आबेलारने तिला मठात ठेवले, यावरून चिडलेल्या तिच्या नातलगांनी त्याचे वृषण कापून टाकले आणि मग दोघांनीही संन्यास घेतला. ११२९ मध्ये सँ-दनी मठाचा प्रमुख स्युजे याने आर्जांतय येथील भगिनींना बाहेर काढून तो मठ ताब्यात घेतला. एलोईझ तिथे उपाध्यक्षा होती. बेघर झालेल्या भगिनींपैकी तिला व तिच्या सोबतिणींना आबेलारने पाराक्लेची जागा देऊन टाकली. पोप दुसरा इनोसंट याने ११३१ मध्ये या दानाला मान्यता दिली.

सुरुवातीचे दिवस हलाखीत गेले, पण लवकरच दानांचा ओघ सुरू झाला. शेते, द्राक्षमळे, गिरण्या, धान्यातील वाटे अशी मिळकत जमत गेली. आपण शंभर वर्षांत जे मिळवले नसते ते या स्त्रियांनी एका वर्षात मिळवले, असे आबेलारनेच नोंदवले आहे. एलोईझच्या हयातीतच पाराक्लेच्या शाखा निघाल्या. ला पॉमरे ही त्यांतली एक.

एलोईझचा खरा मोठेपणा तिने मठाच्या नियमांविषयी विचारलेल्या प्रश्नांत आहे. मठात कसे राहावे हे सांगणारी संत बेनेडिक्टची नियमावली पुरुषांसाठी लिहिलेली. मग स्त्रियांनी ती जशीच्या तशी का पाळावी? मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांनी अंगालगत लोकरी वस्त्र कसे घालावे? मठप्रमुखाने पाहुण्यांसोबत जेवावे असा नियम आहे, तर मठाध्यक्षेने परपुरुषांच्या पंक्तीला बसावे काय? बाराव्या शतकात इतक्या रोखठोकपणे हे मांडणारी दुसरी व्यक्ती सापडणे कठीण. उत्तरादाखल आबेलारने भगिनींसाठी स्वतंत्र नियमावली लिहिली, शंभराहून अधिक स्तोत्रे रचली आणि बायबलविषयीच्या त्यांच्या ४२ शंकांचे निरसन केले. मात्र मठाचा प्रत्यक्ष आचार त्याच्या नियमावलीबरहुकूम चालला नाही. सिस्टर्शियन या कडक शिस्तीच्या ख्रिस्ती मठपंथाच्या प्रथाही त्यात मिसळल्या. व्यवहार जाणणाऱ्या एलोईझने आपल्या मठाला पेलेल तेवढेच घेतले, असे यावरून म्हणावेसे वाटते.

आबेलार ११४२ मध्ये वारला. क्लूनी मठाचा प्रमुख प्येर याने त्याचा देह गुपचूप पाराक्लेला पोहोचवला. एलोईझने पत्र लिहून त्याच्याकडून आबेलारच्या पापमुक्तीचा लेख मागवून घेतला. त्याच पत्रात आपला व आबेलारचा मुलगा आस्त्रोलाब याला चर्चमध्ये एखादे वेतनाचे पद मिळवून द्यावे, अशीही विनंती केली. तिचा मृत्यू ११६४ च्या सुमारास झाला.

फ्रान्स व इंग्लंड यांच्यातील शंभर वर्षांच्या युद्धात मठाची धूळधाण झाली, तरी तो पुन्हा सावरला. सतराव्या शतकात ला रोशफूको या सरदार घराण्यातील स्त्रिया इथे मठाध्यक्षा होत्या. फ्रेंच राज्यक्रांतीत १७९२ मध्ये भगिनींना बाहेर पडावे लागले, मालमत्ता विकली गेली आणि मंदिर पाडले गेले. दोघांच्या अस्थी आधी नोजाँच्या चर्चमध्ये, मग पॅरिसला आणि १८१७ मध्ये तिथल्याच पेर लाशेज दफनभूमीत गेल्या. तिथल्या समाधीवर गर्दी असते, पण पाराक्लेच्या भगिनींचा संसार समजून घ्यायचा तर त्यांची दानपत्रे, मृतांच्या स्मरणतिथींची वही आणि वर्षभराच्या उपासनेचा जुन्या फ्रेंचमधील क्रम वाचावा लागतो. हे कागद आजही टिकून आहेत.