पंचगंगेचा येवा: फुटपट्टीपासून रडारपर्यंत

कोल्हापुरात पुराची भाषा फुटांची. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्याही वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, चिखली-आंबेवाडी रिकामी करावी लागली. उपग्रहाच्या माहितीवरून नदीत किती पाणी येणार याचे गणित मांडण्याची चर्चा खरी पेटली ती या दोन पुरांनंतर.

पावसावरून येवा, म्हणजे नदीत येणारे पाणी, काढण्याची खटपट मात्र जुनी आहे. १९३०च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या नद्यांच्या नोंदींवरून दोन सूत्रे बसवली गेली, एक घाटासाठी, एक पठारासाठी. घाटाच्या सूत्रात ५००० मिमी पाऊस घातला तर जवळपास ३९४५ मिमी वाहून जातो. पठाराच्या सूत्रात ६०० मिमी घातला तर जेमतेम १००. गगनबावडा आणि शिरोळ एकाच जिल्ह्यात असल्याने हा फरक इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पण ही सूत्रे वर्षाच्या हिशेबाची. उद्या सकाळी बंधाऱ्यावर काय होईल हे त्यांतून निघत नाही. पुढे जमीन आणि पीक पाहून, पाऊस किती वाहून जाईल यासाठी पाणलोटाला शंभरपैकी गुण देणारी अमेरिकी पद्धत आली. १९८८ पासून भारतीय दूरसंवेदन उपग्रहांची चित्रे मिळू लागल्यावर हे गुण गावोगाव न फिरता देता येऊ लागले. २००० साली अवकाशयानातून रडारने जमिनीची उंची मोजली गेली आणि कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या पंचगंगेला मिळणाऱ्या नद्यांचे पाणलोट संगणकावर आखणे सोपे झाले. इथवर भांडण नव्हते.

भांडण सुरू झाले पावसावरून. २०१४ साली सोडलेल्या पर्जन्यमापन उपग्रहामुळे दर अर्ध्या तासाचा, सुमारे दहा किलोमीटरच्या चौकटीतला पाऊस मिळू लागला. घाटमाथ्यावर पर्जन्यमापक मोजकेच, त्यामुळे हा आकडा येव्याचा अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलमध्ये थेट घालण्याचा मोह स्वाभाविक होता. अडचण अशी, की उपग्रह पाऊस प्रत्यक्ष मोजत नाही. ढगाचा माथा किती थंड आहे आणि ढगात बर्फाचे कण किती आहेत, यावरून तो अंदाज बांधतो. सह्याद्रीतला बराचसा पाऊस बुटक्या, उबदार ढगांतून पडतो. अरबी समुद्रावरचा वारा कड्याला धडकून वर चढतो आणि बर्फ तयार व्हायच्या आतच ढग रिता होतो. वरून पाहणाऱ्याला ढग किरकोळ दिसतो, खाली दाजीपूर-गगनबावड्यात धो-धो चालू असते. म्हणून घाटात उपग्रहाचा आकडा वारंवार कमी भरतो. एका पक्षाचे म्हणणे, त्याला ठरावीक पटीने गुणून घ्या. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, ती पट दर पावसागणिक बदलते, तेव्हा घाटातला पाऊस जमिनीवरच मोजा आणि उपग्रहाकडून दुसरी कामे घ्या. ठोक पटीने गुणलेले मॉडेल गेल्या वर्षीच्या पुराशी छान जुळते आणि नेमके पुढच्या पुराला तोंडावर पडते. त्यामुळे वजन दुसऱ्या बाजूला जास्त पडते.

त्या दुसऱ्या कामांपैकी जमिनीतली ओल मोजणे इथे थोडेच उपयोगी. उपग्रहाला वरच्या पाचेक सेंटिमीटरचीच ओल कळते, आणि जुलै सरता सरता घाटातली माती तशीही तुडुंब असते. जूनच्या पहिल्या पावसाला तिचा आधार होतो, एवढेच.

खरा फायदा झाला तो पसरलेले पाणी पाहण्यात. पुराच्या दिवसांत आभाळ उघडत नाही, म्हणून साधी छायाचित्रे बिनकामाची. ढगांतून आरपार पाहणारे रडार लागते. २०१४ नंतर अशी युरोपीय चित्रे फुकट मिळू लागली आणि २०१९च्या पुराचे नकाशे त्यांवरूनच निघाले. त्यातही मेख आहेच. हे रडार भारतावर साधारण बारा दिवसांनी फिरून येते, शिखर मधल्या मध्ये निसटू शकते. शिवाय त्याच्या लहरीची लांबी सहा सेंटिमीटरच्या आतली. पुरुषभर उंच उसात कमरेएवढे पाणी असले तरी तिला पाल्याच्या वरचेच दिसते, आणि करवीर-हातकणंगल्याची नदीकाठची मळीची राने नकाशात कोरडी राहतात. चोवीस सेंटिमीटर लहरीचे रडार असलेला भारत-अमेरिकेचा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. उसाखालचे पाणी शोधायला तो अधिक लायक आहे, फेरी मात्र त्याचीही बारा दिवसांचीच.

या सगळ्यावर कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची सावली आहे. पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णा तुंबली की पंचगंगेचे पाणी मागे फुगते, आणि मग राजाराम बंधाऱ्यावरचे तेच ५० फूट वेगळ्याच विसर्गाचे, म्हणजे वाहत्या पाण्याचे, असू शकतात. फुगवट्यात कृष्णेच्या स्वतःच्या पुराचा वाटा किती आणि खालच्या धरणाचा किती, यावर महाराष्ट्र आणि कर्नाटकाचे एकमत नाही. भोगावतीवरच्या राधानगरीचे सात दरवाजे धरण भरले की आपोआप उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक सुटते. हा आकडा मॉडेलला निदान माहीत तरी असतो. संगमापाशी पाणी कोणत्या तासाला तुंबले, हे बारा दिवसांनी येणाऱ्या चित्रातून कळत नाही. तिथे अजून नदीकाठच्या मोजपट्टीचीच नोंद धरली जाते.