काव्यनेम : महिनाभर रोज एक कविता

काव्यनेम : नोकरी, घरकाम, शिक्षण वा अन्य नित्य व्यवहार न थांबवता महिनाभर दररोज एक नवी कविता लिहिण्याचा नेम. ‘काव्यनेम’ हा शब्द या नोंदीत सोयीसाठी योजला आहे. बोलताना ‘तीस दिवस, तीस कविता’ किंवा नुसते ‘रोज एक कविता’ असे म्हणतात. सध्याच्या रूपात हा नेम बहुधा एप्रिल महिन्यात धरला जातो. लांबी, छंद, विषय यांची अट नसते. आजची कविता आजच व्हावी, एवढीच अट. एकांतात राहून केलेले सलग लेखन किंवा मध्येच आलेला निर्मितीचा भर यांना काव्यनेम म्हणत नाहीत. जर्मन भाषेतील कवी राइनर मारिआ रिल्के याने २ ते २३ फेब्रुवारी १९२२ या काळात स्वित्झर्लंडमधील म्यूझो येथील वास्तव्यात ५५ सुनीते लिहिली. तेथे लेखनाखेरीज दुसरा व्यवहारच जवळपास नव्हता, म्हणून महिना एकच असला तरी ते उदाहरण वेगळ्या जातीचे ठरते.

आधुनिक प्रथेचा उगम : अमेरिकेतील ‘अ‍ॅकॅडमी ऑफ अमेरिकन पोएट्स’ या संस्थेने १९९६ पासून एप्रिल हा ‘राष्ट्रीय काव्यमास’ म्हणून पाळण्यास सुरुवात केली. त्यात भर वाचनावर आणि प्रसारावर होता. रोज लिहिण्याचा नेम त्यात नव्हता. १९९९ च्या जुलैमध्ये ख्रिस बेटी याच्यासह एकवीस जणांनी एका महिन्यात कादंबरी लिहिण्याचा ‘नॅनोरायमो’ (राष्ट्रीय कादंबरीलेखन मास) हा उपक्रम केला. पुढील वर्षी तो नोव्हेंबरमध्ये गेला आणि ५०,००० शब्द हे त्याचे उद्दिष्ट रूढ झाले. त्या उपक्रमाच्या नावाच्या धर्तीवर मॉरीन थॉर्सन या कवयित्रीने २००३ च्या एप्रिलमध्ये रोज एक कविता लिहून आपल्या संकेतस्थळावर ठेवली. ‘नॅपोरायमो’ (राष्ट्रीय काव्यलेखन मास) हे संक्षिप्त नाव तेव्हापासूनचे. अन्य देशांतील लोक सामील होऊ लागल्यावर ‘राष्ट्रीय’च्या जागी ‘जागतिक’ हे विशेषण घेतलेले ‘ग्लोपोरायमो’ हे नावही वापरात आले. रॉबर्ट ली ब्रूअर याने ‘रायटर्स डायजेस्ट’ या नियतकालिकातर्फे चालवलेला एप्रिलमधील असाच उपक्रम २००८ पासूनचा आहे.

यावरून काव्यनेम ही कादंबरीच्या उपक्रमाची काव्यातील आवृत्ती होय, असे एक मत आहे. नाव आणि कदाचित सामुदायिक उत्साह यांपुरते ते ग्राह्य धरता येते. मात्र दोहोंचे एकक भिन्न आहे. ५०,००० शब्दांचे तीस भाग केले तर रोजचे सुमारे १,६६७ शब्द पडतात. पण तो नुसता सरासरीचा हिशेब. चार दिवस काही न लिहिता पाचव्या दिवशी भर काढली तरी कादंबरी पुरी होते. काव्यनेमात दिवस हेच एकक आहे. पाचव्या दिवशी बसून पाच कविता केल्या, तर संख्या भरते पण नेम मोडतो. महिन्याची चौकट अलीकडची आणि रोजच्या कवितेची कल्पना फार जुनी, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

पूर्वपरंपरा : जपानी कवी सोने नो योशितादा याचा ३६० वाका (पाच चरणांच्या लघुकविता) कवितांचा संग्रह दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, बहुधा ९७० नंतरचा आहे. बारा महिने, प्रत्येक महिन्याच्या तीस कविता, आणि महिन्याचे आरंभ, मध्य व अखेर असे दहा-दहा कवितांचे तीन भाग, अशी त्याची रचना आहे. योशितादा हा प्रांतातला खालच्या दर्जाचा अधिकारी होता. संग्रहातील कविता खरोखर त्या त्या दिवशी झाल्या, असे रचनेवरून सिद्ध होत नाही; दिनदर्शिकेचा साचा आधी आखून तो भरलेला असणे अधिक संभवते. तरीही दिवसाला एक कविता हे प्रमाण येथे प्रथमच इतके स्पष्ट दिसते.

चीनमध्ये पुरावा अधिक जिवंत आहे. थांग काळातील ली ह (सु. ७९०–८१६) गाढवावर बसून बाहेर पडे, मागे एक पोरगा जुनी फाटकी जरीची पिशवी घेऊन चाले. सुचलेली ओळ लिहून तो त्या पिशवीत टाकी. संध्याकाळी घरी आल्यावर त्याची आई ती पिशवी रिकामी करवी आणि चिठ्ठ्यांचा ढीग पाहून म्हणे, हा पोरगा काळीज ओकून टाकील तेव्हाच थांबेल. हा वृत्तांत ली शांग्यिन या कवीने लिहिलेल्या छोट्या चरित्रात आहे. सुंग काळातील मेइ याओचन (१००२–६०) याच्याविषयीची आठवण याहून नेमकी आहे. नावेतून एकत्र प्रवास करणाऱ्यांना त्याची रोज एक कविता पुरी होताना दिसे, तेव्हा हा करतो तरी कसा म्हणून त्यांनी त्याच्यावर पाळत ठेवली. जेवताना, पडल्यापडल्या, बाहेर पाहताना तो काहीतरी गुणगुणत असे; मध्येच बैठकीतून उठून जाई, कागदाच्या चिटोऱ्यावर काही खरडी आणि ते पिशवीत टाकी. सोबत्यांनी ते चिटोरे गुपचूप काढून पाहिले. कुठे अर्धा चरण होता, कुठे एकच शब्द. रोजची कविता ‘रोज बसून’ होत नाही, ती दिवसभर चिटोऱ्याचिटोऱ्याने साठते, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा नाही.

जर्मन कवी फ्रीड्रिख र्‍यूकर्ट याची १८४६ ते १८६६ या काळातील काव्यदैनंदिनी याच परंपरेतील.

राजशेखराची कविचर्या : संस्कृत साहित्यशास्त्रात प्रतिभा आणि व्युत्पत्ती (बहुश्रुतता) यांच्या जोडीने अभ्यास हे काव्याचे कारण मानले आहे, हे सर्वपरिचित आहे. अभ्यास म्हणजे रोज नेमके काय करावे, हे मात्र थोड्याच ग्रंथांत सापडते. राजशेखराच्या काव्यमीमांसेतील (सु. ९००) दहावा अध्याय या दृष्टीने फार मोलाचा आहे. त्यात कवीचा दिवस चार प्रहरांत वाटला आहे. पहिल्यात विद्यांचे अनुशीलन, दुसऱ्यात काव्यरचना, स्नान-भोजनानंतर तिसऱ्यात काव्यगोष्ठी आणि चौथ्यात सकाळी लिहिलेल्याचे परीक्षण. परीक्षण वेगळ्या वेळी का, याचे कारणही दिले आहे. रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याची दृष्टी विवेक करू शकत नाही, म्हणून नंतर तपासावे. कवीच्या हाताशी सतत काय असावे, याची यादीही तेथे आहे : फळा आणि खडू असलेली पेटी, दौत-लेखणी, ताडपत्रे किंवा भूर्जपत्रे, लोखंडी कंटक (ताडपत्रावर कोरण्याची टोकदार लेखणी) आणि स्वच्छ पुसून ठेवलेल्या भिंती. भिंतींचा उल्लेख सहज वाचून पुढे जाण्याजोगा नाही. ओळ सुचल्यावर साधन शोधण्यात ती हातची जाते, हे जाणणाऱ्या माणसाने केलेली ही यादी आहे.

काव्यनेमाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ते राजशेखराने वेळेच्या आधारे केलेले कवींचे चार प्रकार. ‘असूर्यंपश्य’ हा तळघरासारख्या जागी स्वतःला कोंडून निष्ठेने रचना करतो. ‘निषण्ण’ हा रचनेत रमतो, पण तितका निष्ठावंत नसतो. या दोघांनाही सगळा वेळ मोकळा असतो. ‘प्रायोजनिक’ हा प्रसंग आला की लिहितो. उरलेला ‘दत्तावसर’ म्हणजे सेवा इत्यादी कामांना बाध न आणता कविता करणारा. त्याचे वेळ मोजकेच. संसार आणि चाकरी सांभाळून लिहिणाऱ्याला हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात मिळालेले हे नाव अन्य कोणत्याही आधुनिक नावापेक्षा अर्थपूर्ण आहे, आणि काव्यनेम हा मुळात दत्तावसर कवीचा नेम आहे.

दत्तावसराला मिळणारे वेळ ग्रंथकाराने कारणांसह मोजले आहेत. रात्रीचा शेवटचा अर्धा प्रहर, कारण तो सारस्वत मुहूर्त होय. भोजनानंतरचा वेळ, कारण तृप्तीने स्वस्थता येते. आणि पालखीतला प्रवास : अन्य विषयांपासून सुटलेले मन तेव्हा जेथे लावावे तेथे गुळवेलीसारखे चिकटते. गुळवेल ज्याने पाहिली आहे त्याला या उपमेची अचूकता सांगायला नको. जवळ जे खोड असेल त्याला ती धरते, वेढे घालत वर जाते आणि ओढली तरी सहज सुटत नाही. थोडक्यात, आपल्याला क्षणभर सवड आहे असे ज्या ज्या वेळी वाटेल ती ती काव्याची वेळ, असा त्या प्रकरणाचा भावार्थ आहे.

आधुनिक कवींचे वेळ या यादीशी लक्षणीयरीत्या जुळतात. सिल्व्हिया प्लाथ हिने ऑक्टोबर १९६२ मध्ये, दोन लहान मुले एकटीने सांभाळत असताना, सुमारे पंचवीस कविता लिहिल्या. त्या पहाटे चारच्या सुमारास, मूल रडून उठण्याआधीच्या निळसर वेळेत झाल्या, असे तिनेच बीबीसीसाठी केलेल्या टिपणात सांगितले आहे. विल्यम स्टॅफर्ड (१९१४–९३) याला पहाटे उठून लिहिण्याची सवय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लागली. युद्धात भाग घेण्यास नकार देणाऱ्यांच्या छावणीत दिवसभर अंगमेहनतीचे काम असे, म्हणून पहाट तेवढी त्याची होती. ती सवय त्याने जन्मभर सोडली नाही. २८ ऑगस्ट १९९३ रोजी, मृत्यूच्या दिवशी सकाळीही त्याने कविता लिहिली. फ्रँक ओहारा न्यूयॉर्कमधील आधुनिक कलेच्या संग्रहालयात नोकरीला होता. त्याच्या १९६४ च्या संग्रहाचे नावच दुपारच्या जेवणावरून आहे. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला वॉलेस स्टीव्हन्स घरून कार्यालयात पायी जाताना कविता जुळवी. पालखी नव्हती, पण मन चिकटायला लागणारी मोकळीक तीच.

एक वादग्रस्त उदाहरण : अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन हिने १८६२ या एका वर्षात रोज एक कविता लिहिली, अशी समजूत बरीच पसरली आहे. तिचे मूळ टॉमस जॉन्सन याच्या १९५५ च्या संपादनात आहे. त्याने त्या वर्षात ३६६ कविता घातल्या होत्या. राल्फ फ्रँकलिन याच्या १९९८ च्या संपादनात मात्र १८६२ च्या २२७ आणि १८६३ च्या २९५ कविता धरल्या आहेत. बहुतेक हस्तलिखितांवर तारीख नाही. कालनिर्णय हस्ताक्षरातील बदल, कागद आणि वह्यांची बांधणी यांवर अवलंबून आहे, आणि त्यातून कळते ते स्वच्छ प्रत केव्हा केली एवढेच. कविता त्याआधी किती दिवस कच्च्या रूपात पडून होती, ते नव्हे. त्यामुळे ३६६ हा आकडा दैनिक लेखनाचा पुरावा म्हणून वापरू नये. फ्रँकलिनचे आकडे घेतले तरी ते थक्क करणारे आहेत, आणि ते घर चालवणाऱ्या, पाव भाजणाऱ्या बाईचे आहेत.

सूत्र आणि पूर्ती : प्रचलित उपक्रमांत रोज एक सूत्र दिले जाते. एखादा शब्द, एखादा आकार किंवा ‘केवळ प्रश्नांची कविता’ यासारखी अट असे त्याचे रूप असते. ते ऐच्छिक असते. समस्यापूर्तीशी, म्हणजे दिलेल्या चरणावरून कविता पुरी करण्याच्या जुन्या प्रकाराशी, याचे नाते उघड आहे. फरक इतकाच की समस्येत दिलेला चरण कवितेत राहतो, सूत्र गळून पडले तरी चालते. क्षेमेंद्राने कविकंठाभरणात (अकरावे शतक) नवशिक्यांना अर्थाकडे लक्ष न देता नुसते शब्द वृत्तात बसवण्याचा सराव सांगितला आहे. दहाव्या-बाराव्या दिवशी सुचेनासे झाल्यावर हा उपाय आजही लागू पडतो. हात चालू राहतो आणि चवथ्या-पाचव्या ओळीला अर्थ आपण होऊन येतो.

चुकलेला दिवस : याबाबत एकवाक्यता नाही. काही जण दुसऱ्या दिवशी दोन कविता लिहितात, काही तो दिवस रिकामा ठेवून पुढे जातात. नेमाचे एकक दिवस असल्याने दुसरी रीत तत्त्वाशी अधिक सुसंगत आहे. न सुचण्याविषयी विचारल्यावर स्टॅफर्ड अपेक्षा कमी करण्याचा सल्ला देई. त्याचा अर्थ वाईट लिहावे असा नाही. आज जे येईल त्याला दार उघडे ठेवावे, निवड नंतर करावी, असा आहे. राजशेखराने लेखन आणि परीक्षण यांचे प्रहर वेगळे केले, त्यामागे हीच समज आहे. त्याच अध्यायात ग्रंथनाशाच्या कारणांत ठेव, विक्री, दान, देशत्याग यांच्या बरोबरीने ‘पुन्हा पुरे करीन, पुन्हा सुधारीन’ ही कर्त्याची चालढकल मोजली आहे.

महिन्यानंतर : तीस कवितांपैकी किती ठेवाव्या, याला नियम नाही. अमेरिकन कवी डेव्हिड लेहमन याने १९९६ च्या जानेवारीपासून रोज कविता लिहिण्यास आरंभ केला आणि त्यांतील निवडक कवितांचा संग्रह २००० साली काढला. त्यात कवितांना शीर्षके दिलेली नाहीत. शीर्षकाच्या जागी त्या त्या दिवसाची तारीख आहे.