खाऱ्या पाण्याच्या टँकमधली माशांची मारामारी

खाऱ्या पाण्याच्या अ‍ॅक्वेरियममध्ये एकत्र ठेवलेले मासे एकमेकांना हुसकावतात, चावतात, कोपऱ्यात दाबून ठेवतात, कधीकधी जीवही घेतात, आणि हे आटोक्यात ठेवायला पाळणारा माणूस जे काही करतो ते सगळं या विषयात येतं, म्हणजे कुठला मासा घ्यायचा, कोणाला आधी सोडायचं, दगड कसे रचायचे इथपासून खायला कुठे टाकायचं इथपर्यंत. एक गोष्ट आधीच बाजूला काढू. लायनफिश या शिकारी माशाने छोटा मासा गिळला तर ती मारामारी नाही, ते त्याचं जेवण झालं. तोंडात मावेल ते तो खाणारच, त्यामुळे तेवढे मासे त्याच्यासोबत ठेवायचेच नाहीत.

भांडण कशावरून

प्रवाळावर राहणाऱ्या बऱ्याच माशांचं आयुष्य एका कपारीभोवती फिरतं. रात्री झोपायला तीच, मोठा मासा आला की घुसायला तीच, आणि काहींची अंडीही तिथेच. डॅमसेल या छोट्या माशाच्या काही जाती तर दगडावर शेवाळाचा छोटासा मळा राखतात आणि तिथे चरायला कोणी आला की त्याच्या अंगावर जातात, मग समोर बोटाएवढा मासा असो नाहीतर डायव्हरचा हात. समुद्रात हे भांडण काही सेकंदांत संपतं कारण हरलेला चार हात लांब पळतो, दिसेनासा होतो, विषय मिटला. टँकमध्ये तो पळतो आणि समोरच्या काचेला जाऊन थडकतो. म्हणजे पळूनही तो तिथेच दिसतोय, आणि हद्दीच्या मालकाला वाटतं की हा अजून गेलाच नाही, मग पुन्हा पाठलाग, असं दिवसभर. पुढे जे उपाय येतात त्यातले बरेचसे याच एका अडचणीवर आहेत.

दुसरं कारण सारखेपणा. माशाला सगळ्यात जास्त राग येतो तो आपल्याच जातीच्या माशाचा, मग जवळच्या नात्यातल्या जातीचा, मग ज्याचा आकार, रंग किंवा खाणं आपल्यासारखं आहे त्याचा. ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कॉनराड लोरेन्झ, ज्यांना १९७३ चं नोबेल मिळालं, त्यांनी प्रवाळातल्या रंगीत माशांवरून हाच मुद्दा मांडला होता, की जो आपल्यासारखंच खातो तोच खरा प्रतिस्पर्धी, बाकीचे शेजारी चालतात. म्हणून यलो टँग हा शेवाळ चरणारा पिवळा मासा एखाद्या गोबीकडे, म्हणजे तळाशी राहणाऱ्या छोट्या माशाकडे, ढुंकून बघत नाही पण दुसरा टँग आला की शेपटीच्या बुडाशी असलेला सुरीसारखा काटा बाहेर काढून बाजूने वार करतो. हाच काटा जाळीत मासा धरताना आपल्या बोटालाही कापतो, तेव्हा जपून.

कोणाकडून काय अपेक्षा ठेवावी

रॉयल ग्रामा आणि रॉयल डॉटीबॅक, दोघेही पुढे जांभळे मागे पिवळे, आणि घेताना हमखास गोंधळ होतो. ग्रामा आपली कपार सांभाळून असतो, डॉटीबॅक मात्र अख्खा टँक आपल्या नावावर करून घेतो. ओळखायची खूण सोपी आहे, ग्रामाच्या पाठीवरच्या परावर काळा ठिपका असतो आणि जांभळा रंग हळूहळू पिवळ्यात मिसळतो, डॉटीबॅकचे दोन रंग मधोमध पट्टी लावून कापल्यासारखे वेगळे.

क्लाउनफिशचं प्रकरण लिंगाचं आहे. एका गटात सगळ्यात मोठी मादी, तिच्याखालोखाल नर, बाकीची वाढ रोखलेली पोरं, आणि मादी मेली की नराचीच मादी होते. उलटं काही होत नाही, मादीचा परत नर बनत नाही, त्यामुळे दोन मोठ्या माद्या एकत्र सोडल्या तर एक जण मरेपर्यंत भांडण चालू राहू शकतं. घ्यायचे तर दोन लहान घ्यावेत, त्यातला एक थोडा मोठा. मग काही दिवसांनी छोटा मोठ्यासमोर आडवा होऊन झटका आल्यासारखा थरथरताना दिसेल. नवीन माणूस हे बघून औषध शोधायला लागतो, पण आजार वगैरे काही नसतो, तो फक्त "तू मोठी, मी छोटा" एवढं कबूल करतोय. मरून (गडद लाल) रंगाच्या क्लाउनफिशच्या जातीतल्या मादीचा मात्र भरवसा नाही, ती जोडीदारालाही मारू शकते. ग्रीन क्रोमिस थव्यात छान दिसतात म्हणून सहा-सात आणले जातात आणि बऱ्याच जणांचा अनुभव असा की दर थोड्या दिवसांनी सगळ्यात कमजोर असलेला एकेक कमी होत जातो.

आधी करायची तयारी

शांत मासे आधी, दादा लोक शेवटी. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी उलटं होतं. पूर्वी नवीन टँक सायकल करायला, म्हणजे घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वाढवायला, डॅमसेल सोडायची पद्धत होती कारण ते अमोनियातही तग धरायचे, त्या बिचाऱ्यांचे हाल व्हायचेच, पण वर महिन्याभरात टँक त्यांचा झालेला असायचा आणि मग पुढे येणारा प्रत्येक मासा घुसखोर. आता बाटलीतला अमोनिया टाकून सायकल करतात, ते बरंय.

दगडांची एकच सलग भिंत करण्यापेक्षा दोन-तीन वेगळे ढीग केले तर हरलेल्याला नजरेआड जाता येतं, जे फार महत्त्वाचं. नवीन मासा सोडताना दगड हलवून रचना बदलली की जुन्यांच्या हद्दीही मोडतात, फक्त कोरल चिकटवलेल्या टँकमध्ये हे करता येत नाही. टँग एकाहून जास्त हवे असतील तर वेगवेगळ्या आकाराचे निवडून शक्यतो एकाच वेळी सोडावेत म्हणजे मार वाटला जातो, अर्थात टँक तेवढा लांब हवा. आफ्रिकन सिक्लिड हे गोड्या पाण्यातले भांडखोर मासे पाळणारे गर्दी करून भांडण पातळ करतात तो प्रकार इथे फारसा चालत नाही, पाण्यात घाण वाढते आणि भांडण तसंच राहतं.

सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे अ‍ॅक्लिमेशन बॉक्स, भोकं असलेला पारदर्शक डबा, टँकच्या आत लटकवायचा आणि नवीन माशाला त्यात चार-पाच दिवस ठेवायचं. जुने येऊन डब्यावर धडका देतात, हळूहळू कंटाळतात. पाचव्या दिवशीही कोणी धडका देतच असेल तर सोडू नये, तेच उत्तर आहे. बाहेरून काचेला आरसा लावायची युक्ती पण चालते, माझा यलो टँग दोन दिवस स्वतःशीच पर फुलवून भांडला आणि तेवढ्यात नवीन माशाने निवांत जागा शोधली. पण आरसा कायमचा ठेवू नये, मासा दमतो.

सोडायची वेळ लाइट बंद व्हायच्या थोडी आधीची, जुन्यांचं पोट भरलेलं असताना. टँगसारखे मासे समुद्रात दिवसभर चरत असतात, त्यांना एकदाच खायला दिलं तर चिडचिडे होतात, म्हणून नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) क्लिप टँकच्या दोन्ही टोकांना लावावी, एकाच मालकाला दोन्हीकडे पहारा देता येत नाही.

बिनसलं तर

पहिल्या दिवसाची थोडी पळापळ चालते. काळजी तेव्हा, जेव्हा नवीन मासा वरच्या कोपऱ्यात किंवा पंपामागे अडकून बसतो, दोन दिवस खात नाही, पर फाटलेत, खवले उडालेत, कल्ले भराभर हलतायत. दबावाखालच्या माशाची प्रतिकारशक्ती घटते आणि मग पांढरे ठिपके पाडणारा परजीवी क्रिप्टोकॅरिऑन डोकं वर काढतो. फायरफिश तर सरळ उडी मारून बाहेर पडतो, वर जाळीचं झाकण नसेल तर सकाळी जमिनीवर वाळलेला सापडतो.

अशा वेळी मार खाणाऱ्याला नाही, मारणाऱ्याला बाहेर काढायचं. एक-दोन आठवडे क्वारंटाईन टँकमध्ये किंवा संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) ठेवून परत सोडला की आता तो नवीन असतो आणि बरेचदा नरमतो. सिक्स-लाइन रास (wrasse) या माशाचं मात्र सांगता येत नाही, तो परत आला की पुन्हा तेच, त्याला दुसरं घर बघणं बरं. पकडणं हीच खरी डोकेदुखी, दिवसा जाळी घेऊन मागे लागलात तर सगळे दगड उपसावे लागतील आणि मासा तरीही हाती येणार नाही. त्यापेक्षा खायला ठेवलेला सापळा लावावा, नाहीतर रात्री लाइट गेल्यावर तासाभराने लाल टॉर्चने बघावं, तो रोजच्याच कपारीत झोपलेला असतो, मग तो दगड त्याच्यासकट हळूच उचलून बादलीत ठेवायचा.