गळ्यावरची दाढी आणि रेझरची दिशा

गाल गुळगुळीत होतात, पण गळ्यावर लाल पुरळ उठते. बहुतेक जण ब्लेडला दोष देतात आणि नवे ब्लेड आणतात. पुरळ तशीच राहते, कारण चूक दिशेची असते. गालावरचे केस बहुधा खाली वाढतात. गळ्यावरचे मात्र आडवे, तिरपे, कित्येकांचे तर वरच्या दिशेने असतात. तिथे सवयीने वरून खाली हात मारला की नकळत उलटी दाढी होते.

दोन दिवस खुंट वाढू द्यावेत आणि बोटांनी सगळ्या बाजूंनी चाचपावेत. जिकडे बोट सहज सरकते, ती केसांची दिशा. पहिला हात तिकडेच. दुसरा हवाच असेल तर आडवा, पुन्हा फेस लावून. गळ्यावर उलटा हात मारूच नये. कातडी फार ताणून उलटे कापले की केसाचे टोक कातडीखाली जाते आणि वाढताना आतच वळते. कुरळ्या केसांच्या माणसांना हा त्रास जास्त.

जबड्याखालच्या खळग्यात रेझर टेकत नाही. कानाजवळची कातडी वर ओढावी, खळग्यातली कातडी हाडावर येते. कंठमण्यावरची कातडी बोटाने बाजूला सरकवून सपाट जागी कापावी. ओठावर वरचा ओठ दातांवर ओढून अगदी छोटे हात. सेफ्टी रेझर कातडीशी साधारण ३० अंशांत धरावा आणि दाबू नये. त्याचे वजनच पुरते.

केस कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजला की फुगतो, मऊ होतो, कमी जोरात कापला जातो. हनुवटीचे आणि ओठावरचे केस सर्वांत राठ, म्हणून ते शेवटी घ्यावेत; तोवर फेसाखाली मुरतात. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी वाकलेल्या केसामुळे धारेचे बारीक टवके उडू शकतात, हे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. ब्लेड केस ओढू लागले की टाकावे.

गोव्यात किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. अशा पाण्यातल्या क्षारांनी साबणाचा चोथा होतो, फेस बसतो. दाढीपुरते तरी नळाचे पाणी घ्यावे. मिरामारला किंवा कोलव्याला समुद्रात उतरायचे असेल तर दाढी आदल्या रात्री करावी, ताज्या ओरखड्यांना खारे पाणी झोंबते. पावसाळ्यात रेझर न्हाणीत ठेवू नये. धुऊन, झटकून, वाऱ्यावर उभा ठेवावा. ब्लेड मात्र पुसू नये, धार बिघडते.